कडी

शेवगा बरगडीसाठी.
मानेला मुळा, पाल्यासकट पिळायचा.
चाकू आत जाताना कलिंगड नको, म्हणाला ओव्हाळ,
कलिंगड सगळेच कापतात.
मग पपई. मग ओली चादर. मग कणीक,
तेलाचा हात लावून दोन तास मुरलेली.
कणीक पास झाली.

एरंडवण्यातलं तळघर, वर दाताचा दवाखाना,
म्हणून आम्ही रात्रीच मारायचो.
एकवीस माणसं. सगळी माझ्या हातची.
पहाटे घरी जाऊन त्याच हातांनी डबे भरायचे.

लोक त्याच्याबद्दल काय काय बोलायचे:
हिरोला दुसऱ्याच दिवशी रिक्षात बसवून दिलं,
निर्मात्याच्या गाडीची काच फोडली,
संवाद म्हणे शूटिंगच्या सकाळी
चहाच्या बिलामागे लिहितो.
मला माहीत ते एवढंच
की दापोडीचा फ्लॅट विकून तो माझ्या सतरंजीवर झोपत होता
आणि पार्श्वसंगीत नको म्हणत होता, एक सूरही.
"वाजलं काही की माणसं सुटतात, कुंदाताई.
सुटायला नकोत."

कोयते, पुलाखालची पळापळ,
बोपोडीच्या फाटकात अडकलेला तो लंगडा खबऱ्या,
कशालाच हरकत नाही.
अडला तो बेचाळिसाव्या मिनिटाला.
तिथे कोणी मरत नाही.
खडकीच्या कारखान्याचं क्वार्टर,
पोरगं सतराचा पाढा लिहितंय,
मागे कुणीतरी दार लावतं.
पडद्यावर नुसती पेन्सिल, थांबलेली.

मी जुन्या बाजारातून सात कड्या आणल्या,
पितळी, लोखंडी, एक तर गोठ्याची.
ही घाईत लागली, म्हणाला.
ही नवी आहे, हिला काही माहीत नाही.
ही रागात आहे. तो रागात नसायचा.

नसायचा.
माइक चालू होता, तेही रेकॉर्ड झालं.
मी अजून पुसलेलं नाही.

बुधवारी पिशवी घेऊन आला.
पेपरात गुंडाळलेली कडी, कोयंडा, चार गंजके स्क्रू,
वर रंगाचे तीन थर, तिन्ही सरकारी.
क्वार्टर पाडायला घेतलीत, वॉचमनला दोनशे दिले.
फळीवर बसवली आम्ही.
मग तो जिन्यात जाऊन उभा राहिला.
"तू लाव. सावकाश.
जेवून, हात धुऊन लावतात तशी."

एकच टेक.

कॅम्पातल्या थिएटरात पहिल्या खेळाला
पोरं खून मोजत होती, मोठ्याने.
अकराव्याला शिट्ट्या.
माझ्या शेजारी मालनबाई, त्याची आई,
मांडीवर चिवड्याचा डबा,
मध्येच वाकून विचारायच्या,
हा मेला तो आपल्यातला का त्यांच्यातला?
पुढ्यात रक्ताचा पाट, आणि त्या खोबऱ्याचे काप निवडून खात होत्या.

मग कडी लागली.

थिएटर गप्प होतं, काही घडलंच नव्हतं ना.
मालनबाई उठल्या.
अंधारात, अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या,
"दूध बघते हां, उतू जाईल,"
आणि निघाल्या.
लोकांनी गुडघे आखडून वाट दिली.

दूध कुठलं तिथे. दारापाशी जाऊन थांबल्या.
तिथे तो होता, पहिल्यापासून उभा,
पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे बघत.
काय बोलले ठाऊक नाही.
बोलले असतील असंही नाही.
लाल दिव्याखाली दोघांच्या मध्ये
एक माणूस जाईल एवढी जागा होती,
ती शेवटपर्यंत तेवढीच राहिली.
डबा माझ्याकडे. कितीतरी दिवस माझ्याकडेच.

फळी कोपऱ्यात आहे, भिंतीकडे तोंड करून.
काल एका मालिकेला कडी हवी होती,
नवं जोडपं, पहिली रात्र.
मी टाळूला जीभ लावून टक् केलं.
पास झालं.